आडोसा

ते भित्तिपत्रक आम्ही चौघांनी फाडले. रात्रीचे अकरा वाजून गेले असावेत. लोणावळ्याच्या बाजारातली दुकाने केव्हाच बंद झाली होती, चिक्कीवाल्यांच्या फळ्या लागल्या होत्या, आणि घाट चढून आलेल्या एका मालगाडीची शिट्टी तेवढी ऐकू येत होती. कागद खळीने इतका घट्ट बसला होता की नखांनी निघेना. मग एकाने पत्र्याचा तुकडा आणला. 1981 सालची दिवाळी नुकतीच झाली होती. मी एकवीस वर्षांचा होतो आणि आमच्या धर्मग्रामाच्या युवक मंडळाचा चिटणीस होतो.

चित्रपट होता ‘चक्र’. भित्तिपत्रकावर स्मिता पाटील होती, उघड्यावर अंघोळ करणारी. त्यापलीकडे त्या चित्रपटाविषयी आम्हांला काहीही ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक करून घ्यावे असे कुणाच्या मनातही आले नाही. शाळेत जाणाऱ्या मुली त्या भिंतीवरून जातात, रविवारी मिस्सेला येणारी कुटुंबे त्याच रस्त्याने येतात, एवढे कारण आम्हांला पुरेसे होते. पुढच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या पायरीवर दोघा-तिघा वडीलधाऱ्यांनी पाठीवर हात ठेवला. ‘तरुणांनी असेच जागे राहावे’ असे कुणीसे म्हणाले. मला फार बरे वाटले, हे आज लपवण्यात अर्थ नाही.

घरी आलो तेव्हा मावशी ओट्यापाशी तांदूळ निवडत बसली होती. ती मुंबईहून येऊन चारच महिने झाले होते. माहीमच्या एका वस्तीत तिने एकोणीस वर्षे काढली. नवरा गोदीत हमाली करायचा. तो छातीच्या दुखण्याने गेला. मूलबाळ नव्हते. झोपडी आली त्या किमतीला देऊन ती एक पत्र्याची पेटी आणि पवित्र मरियेची एक तसबीर घेऊन आमच्या दाराशी उतरली. आमचे वडील रेल्वेत गँगमन. मूळचे आम्ही नगर जिल्ह्यातले. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये सहा माणसांत तीही सामावून गेली आणि आठवड्याभरातच बंगल्यांवर भांडी घासायला जाऊ लागली.

‘काय रं, तो कागुद फाडला म्हनं तुमी?’ तिने मान वर न करता विचारले.

मी मोठ्या उत्साहाने सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले. सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

‘बरं केलं. बाईमान्साला असं भिंतीवर लावूच न्हाई.’ मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘पर मी एकोनीस वर्सं तशीच न्हाले, बाळा. तवा कुनी काय फाडलं न्हाई.’

ती रागाने बोलली नव्हती. तांदूळ निवडता निवडताच तिने पुढचे सांगितले, जणू दुसऱ्याच कुणाची हकिगत सांगावी तसे. वस्तीत पन्नास-साठ घरांना एक नळकोंडाळे. पाणी पहाटे चारच्या सुमारास यायचे. पुरुष उठायच्या आत बायका जायच्या. परकर छातीवर बांधायचा, आणि दोघीजणी एक जुने लुगडे दोन टोकांनी धरून उभ्या राहायच्या. तिसरी त्याच्याआड अंघोळ करायची. मग पाळी बदलायची. तो आडोसा. लुगडे जुने, विरलेले. रस्त्यावरून मोटार गेली की तिच्या दिव्यात सगळे आरपार दिसायचे. थंडीच्या दिवसांत धरणारणींचे हात भरून येत. आजारी असली, बाळंतीण असली तरी चुकायचे नाही. पाणी उशिरा आले तर उजाडायचे, आणि मग लुगडे असूनही नसल्यासारखे.

‘शरम वाटायची का गं?’ मी मूर्खासारखे विचारले.

‘पयलं वरीस,’ ती म्हणाली.

मी तो चित्रपट पाहिला तो पुढे अनेक वर्षांनी, पुण्यात. तोवर मी शिक्षक झालो होतो. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, फिल्म इन्स्टिट्यूट आहे. त्या निमित्ताने शहरात चित्रपटांकडे गांभीर्याने पाहणारा एक वर्ग तयार झालेला होता. अशाच एका मंडळाच्या खेळाला माझे परिचित असलेले एक येशूसंघीय फादर मला घेऊन गेले. कोणता चित्रपट आहे हे कळल्यावर मी त्यांना भित्तिपत्रकाची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. ‘चला, मग तुमची उधारी फिटेल,’ एवढेच म्हणाले.

जयवंत दळवींची ‘चक्र’ ही कादंबरी 1963 सालची. दळवी मूळचे तळकोकणातल्या आरवलीचे. ‘ठणठणपाळ’ या नावाने साहित्यिकांच्या टोप्या उडवणारे म्हणून पुष्कळांना माहीत असतात. पण हाच मिश्कील माणूस मुंबईच्या झोपडपट्टीत उतरला तेव्हा त्याने हसू बाजूला ठेवले. मराठी मध्यमवर्गीय वाचकाने ज्या गल्लीतून नाकाला रुमाल लावून जायचे, ती गल्ली त्यांनी पानोपानी त्याच्यापुढे मांडली. तिच्यावरून रवींद्र धर्मराज या दिग्दर्शकाने हिंदी चित्रपट केला. 1981 मध्ये लोकार्नोच्या महोत्सवात त्याला सुवर्ण बिबट्याचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी धर्मराज वारले. हाच त्यांचा एकमेव कथापट. स्मिता पाटीलला या भूमिकेसाठी उत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तीही 1986 च्या डिसेंबरात गेली, अवघी एकतीस वर्षांची.

कथा सांगायची तर ती थोडक्यात सांगता येते, कारण गरिबाची कथा थोडक्यातच असते. अम्मा नावाची बाई नवरा आणि मुलासह गावातून पळून मुंबईत येते. तिच्या अंगावर हात टाकणाऱ्याचा नवऱ्याच्या हातून खून झालेला असतो. मुंबईत डोक्यावर छप्पर हवे म्हणून नवरा पत्रे चोरायला जातो आणि पोलिसांच्या गोळीने मरतो. मुलगा बेनवा वस्तीत मोठा होतो. लुक्का नावाचा एक गुंड त्याला देवासारखा वाटतो; ही भूमिका नसीरुद्दीन शाहने केली आहे. अण्णा नावाचा ट्रकड्रायव्हर अम्मेकडे येत-जात असतो, तिला दिवस जातात. लुक्का गुप्तरोगाने सडत परत येतो, औषधासाठी केमिस्टवर हल्ला करतो, अम्मेच्या झोपडीत लपतो. पोलीस येतात, लुक्काबरोबर बेनवालाही नेतात. अम्मेचा गर्भ पडतो. शेवटी बुलडोझर येतो. एवढेच.

व्यभिचार आहे, वेश्याव्यवसाय आहे, हातभट्टी आहे, लग्नाविना संसार आहे. आमच्या प्रवचनांतून ज्यांची नावेसुद्धा हलक्या आवाजात घेतली जात, ते सारे आहे. आणि तरीही दोन तासांत एकदाही मला तो चित्रपट अश्लील वाटला नाही. अम्मा दोन पुरुषांशी संबंध ठेवते, पण तिला सगळ्यांत जास्त हवा असतो तो मुलाचा संसार मार्गी लागलेला पाहण्याचा आनंद. माझ्या आईला जे हवे होते, नेमके तेच.

अंघोळीचे ते दृश्य आले तेव्हा मी खुर्चीत आखडून बसलो. काही क्षणांचेच आहे ते. बाई अंघोळ करते आहे, वस्ती आपापल्या कामात आहे. तिच्याकडे कुणी पाहत नाही. म्हणजे पाहत होतो आम्ही, तिकीट काढून बसलेले. स्मिता पाटीलने पुढे मुलाखतींतून हीच खंत बोलून दाखवली होती: झोपडपट्टीतली बाई उघड्यावर अंघोळ करते कारण तिला दुसरी जागा नसते, पण तेच दृश्य भित्तिपत्रकावर चढवले की त्याचा अर्थ पार बदलतो आणि बाईचा माल होतो. भूमिकेच्या तयारीसाठी ती मुंबईतल्या झोपडपट्ट्यांतून जाऊन आलेली होती. तिची आई परिचारिका. रुग्णाचे उघडे अंग पुसणाऱ्या हाताची लेक ती; उघडे अंग आणि उघडे पाडलेले अंग यांतला फरक तिला कुणी शिकवायला नको होता.

तरीही एक गोष्ट बोलली पाहिजे. तो कॅमेरा सर्वस्वी निर्दोष आहे असे मला आजही म्हणवत नाही. एक-दोन जागी तो जरा अधिक रेंगाळतो. चित्रपट विकणाऱ्यांनी त्यातून जे उचलले ते त्यात थोडेसे होते म्हणूनच उचलता आले. फादरांना मी हे बोललो तेव्हा ते म्हणाले, ‘खरे आहे. पण तुम्ही त्या कॅमेऱ्याविषयी बोलता आहात, म्हणजे तुम्ही चित्रपट पाहिलात. आता तुम्हांला बोलण्याचा अधिकार आला.’

येताना लोकलमध्ये त्यांनी पवित्र ख्रिस्तसभेने सिनेमाकडे कसे पाहिले याचा सारा इतिहास मला सांगितला. अकरावे पायस यांनी 1936 मध्ये ‘विजिलान्ती कुरा’ हे परिपत्रक काढले. त्याआधी दोन-तीन वर्षे अमेरिकेत कॅथलिकांनी सभ्यतेचे सैन्य उभारले होते आणि चर्चमध्ये लोक उभे राहून वाईट चित्रपट न पाहण्याची प्रतिज्ञा घेत होते. बाराव्या पायस यांनी 1957 मध्ये ‘मिरांदा प्रोर्सुस’ लिहिले. त्यात सूर बदलला, सिनेमा समजून घ्यावा असे आले. मग दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी ‘इंतर मिरीफिका’ हा हुकूमनामा संमत केला. पापाचे चित्रणसुद्धा माणसाला अधिक खोलवर ओळखण्यासाठी उपयोगी पडू शकते, मात्र ते नैतिकतेचे भान राखून व्हावे, असा त्याच्या सातव्या कलमाचा आशय आहे. दळवींची कादंबरीही 1963 चीच. आरवलीच्या लेखकाला रोमची आणि रोमला आरवलीची खबर असण्याचे कारण नाही. पण एकाच वर्षी दोघे एकाच प्रश्नापाशी आले होते. आम्ही चौघे मात्र 1981 मध्येही 1936 मध्येच उभे होतो, तेही परिपत्रक न वाचता.

सिनेमाला शंभर वर्षे झाली तेव्हा, 1995 मध्ये, व्हॅटिकनने पंचेचाळीस चित्रपटांची एक यादी काढली. तिच्यात द सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ आहे. त्यातला बाप नोकरी टिकावी म्हणून मुलाच्या देखत सायकल चोरतो. ती यादी वाचताना मला पत्रे चोरायला गेलेला अम्मेचा नवरा आठवला. तो यादीत नाही; पण रोमच्या त्या बापाला तो शेजारी म्हणून नक्की चालला असता.

आता थोडे आमच्या मावळाविषयी. बाहेरच्या लोकांना मावळ म्हणजे कार्ला-भाजे-बेडशाची लेणी, भाताची खाचरे आणि पावसातली धुके. पण मावळातले कोणते घर मुंबईशी बांधलेले नाही? मुंबईचे डबेवाले प्रामुख्याने मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यांतले. खोल्यांतून दहा-पंधरा माणसे राहायची, पथारी पाळीने पसरायची. पवना धरणात जमिनी गेल्या त्या घरांतली कितीतरी माणसे नुकसानभरपाई आणि पुनर्वसन यांची वाट पाहता पाहता पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांत जाऊन मिसळली. तेव्हा झोपडपट्टी म्हणजे कुणा परक्यांची घाण, असे मावळाला म्हणता येणार नाही. ती आपल्याच अंगणातून गेलेली पायवाट आहे.

आणि 1981 चा तो पावसाळा. ‘चक्र’ ज्या वर्षी लोकांपुढे आला, त्याच वर्षीच्या जुलैत राज्य सरकारने मुंबईच्या फूटपाथवर राहणाऱ्यांना हटवायची मोहीम काढली. अंतुले मुख्यमंत्री होते. भर पावसात खोपटी पाडून माणसांना बसमध्ये घालून त्यांच्या ‘मूळ गावी’ पाठवायला सुरुवात झाली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी न्यायालयात धाव घेतली. त्या खटल्यात तामिळनाडूतल्या सेलमहून आलेल्या एका भूमिहीन मजुराची हकिगत नोंदलेली आहे: त्याला कुटुंबासह बसने सेलमला पोचवले, बायको-मुली तिथेच राहिल्या, आणि तो काम शोधत पुन्हा मुंबईच्या फूटपाथवर आला. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. पण फूटपाथ अडवण्याचा हक्क मात्र कुणाला नाही, तेव्हा पावसाळा संपल्यावर हटवता येईल. अम्मेच्या वस्तीवर पडद्यावर बुलडोझर येतो तो दिग्दर्शकाने कल्पनेने आणला नव्हता. आम्ही ज्या रात्री भित्तिपत्रक फाडले, तेव्हा त्या मोहिमेच्या बातम्या वाचून तीन-चार महिनेच झाले होते. त्यावर युवक मंडळाने काही ठराव केल्याचे मला आठवत नाही, आणि इतिवृत्त मीच लिहीत होतो.

आमच्या गावाची आणखी एक गंमत आहे. भुशीचे धरण रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधले. इंजिने गेली, धरण उरले. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी त्या पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात मुंबई-पुण्याची हजारो माणसे चिंब भिजतात, बायका-पुरुष, लहानथोर. कपडे अंगाला चिकटलेले असतात, फोटो काढले जातात. त्याविरुद्ध सभ्यतेचे कुठलेही सैन्य मी अजून पाहिलेले नाही, आणि असावे असेही माझे म्हणणे नाही. हौसेने भिजणाऱ्याची लाज झाकलेलीच असते. त्याच्या घरी कडी लागणारी न्हाणी आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याच रस्त्याच्या कडेला मक्याची कणसे भाजणारी कातकरी बाई संध्याकाळी ओढ्यावर अंग धुते तेव्हा मात्र येणारे-जाणारे तोंड फिरवतात, किंवा फिरवत नाहीत.

पवित्र शास्त्रात दोन गोष्टी आहेत. दावीद राजा गच्चीवरून पाहतो आणि बथशेबा अंघोळ करीत असते. नाथान संदेष्टा येतो तो राजाकडे. त्या बाईला तो दोन शब्दही लावत नाही. दुसरी नोहाची. बाप उघडा पडलेला पाहून एक मुलगा बाहेर येऊन सांगत सुटतो. दुसरे दोघे खांद्यावर वस्त्र घेतात आणि पाठमोरे चालत जाऊन त्याला झाकतात. मला त्या पाठमोऱ्या चालण्यात माहीमच्या नळावर लुगडे धरून उभ्या असलेल्या बायका दिसतात. त्यांनी उत्पत्तीचे पुस्तक वाचलेले नव्हते. मावशीखेरीज बहुतेक जणी ख्रिस्ती नव्हत्या.

हा वाद संपला असे समजू नये. 2017 मध्ये रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवासाठी परीक्षकांनी निवडला असताना माहिती व प्रसारण मंत्रालयाने वगळला. परीक्षक मंडळाचे प्रमुख सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. गावाकडून मुलाला घेऊन मुंबईला आलेली एक बाई त्याच्या शिक्षणासाठी जे. जे. कलाशाळेत चित्रकारांसमोर निर्वस्त्र बसते, ही त्याची कथा. 2018 मध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हा मी पाहिला. ‘चक्र’ची अम्मा आणि ही बाई दोघी एकाच गाडीने मुंबईला उतरल्या असाव्यात असे वाटत राहिले.

मावशी क्रुसाच्या वाटेला दर शुक्रवारी यायची. 1982 चा प्रायश्चित्तकाळ होता. दहाव्या स्थानापाशी, जिथे प्रभू येशूची वस्त्रे उतरवतात, ती नेहमी थांबायची. बाकीचे अकराव्याकडे सरकत, हिच्या डोळ्यांना पदर लागलेला. मी लहानपणापासून ते चौदा थांबे तोंडपाठ म्हणत आलो होतो. खिळ्यांचे दुःख मला कळत होते, मरियेचे कळत होते. कपडे काढण्याचे एक वेगळे स्थान कशाला, असे मला तोवर वाटत असे. त्या शुक्रवारी तिच्या बाजूला उभा राहिलो आणि प्रार्थनेचे शब्द तोंडातून फुटेनात. आपल्या घराघरांत, शाळांत, इस्पितळांत जो देह आपण भिंतीवर लावतो तोही कुणी तरी उघडा पाडून गर्दीपुढे टांगलेलाच आहे. त्याला झाकायला तेव्हा कुणी लुगडे धरले नव्हते.

ईस्टरनंतरच्या बैठकीत मी मंडळापुढे ठेवले की स्टेशनामागच्या वस्तीत नळापाशी बायकांसाठी न्हाणी बांधावी. ‘हे आपले काम आहे का?’ असे एकाने विचारले. पायरीवर पाठ थोपटणाऱ्यांपैकीच एक होते ते. तरी नाताळच्या गायनाचे थोडे पैसे उरले होते. त्यांत चार खांब, आठ पत्रे आणि खाली टाकायला शहाबादी फरशी आली. आम्हीच खड्डे खणले. मावशी बंगल्यावरची कामे आटोपून आली आणि दाराला आतून कडी आहे का ते पाहून गेली. नव्हती, ती दुसऱ्या दिवशी लावली.

ती न्हाणी त्या पावसाळ्यात आणि नंतर जेमतेम एक वर्ष टिकली. मग एके दिवशी अतिक्रमण म्हणून ती काढली गेली. खांब कुठे गेले कळले नाही. पत्रे बायकांनी रातोरात वाटून घेतले. दोन पत्रे मावशीच्या वाट्याला आले, किंवा तिने आणले. मी विचारले नाही. आमच्या क्वार्टरच्या मागे परसात तिने ते भिंतीला टेकवून उभे केले, वरून एक तरट टाकले, आणि मरेपर्यंत ती तिथेच अंघोळ करीत राहिली. आत मोरी होती, पण तिला ती नको असे. पहाटे चारला तिची बादली वाजायची. मग पाऊस असला की पत्र्यावर पावसाचा आवाज, आणि त्यात तांब्याचा.